बर्न्सची कविता आणि बहिणाबाईंचा ‘चुल्हा’

अ‍ॅबर्डीनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून विचारलं, “फिट लाइक?” म्हणजे ‘कसं काय?’ इंग्रजीतल्या ‘व्हॉट’चं इकडे ‘फिट’ होतं, मुलगा म्हणजे ‘लून’, मुलगी म्हणजे ‘क्वाइन’. ही डोरिक, ईशान्य स्कॉटलंडची स्कॉट्स बोली.

आजोबा ऐंशीच्या पुढचे. लहानपणी वर्गात ‘येस’ऐवजी ‘आय’ म्हणाले म्हणून तळहातावर चामडी पट्टा बसला होता. त्याच वर्गात 25 जानेवारी आली, रॉबर्ट बर्न्सची जयंती, की त्याची कविता स्कॉट्समधून पाठ करून घेत आणि छान म्हणणाऱ्याला बक्षीस देत. हे सांगताना त्यांनी तळहात माझ्यापुढे उघडला. वळ केव्हाच गेला असेल, पण बोट नेमकं त्या जागी टेकलं.

मी जळगावकडची. आमच्या पाठ्यपुस्तकात बहिणाबाई होत्या. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ आम्ही तालात म्हणायचो. निबंधात मात्र ‘चुल्हा’ लिहिलं की लाल रेघ. ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणालं की वर्ग हसायचा. पट्टा नव्हता एवढंच.

जून 2025मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय लोकांच्या रेट्यामुळे मागे घ्यावा लागला. योग्यच झालं, मी इथून रोज बातम्या बघत होते. त्याच महिन्यात स्कॉटिश संसदेनं गेलिक, म्हणजे स्कॉटलंडची जुनी केल्टिक भाषा, आणि स्कॉट्स या दोन्हींना अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला. स्कॉट्स म्हणजे बिघडलेली इंग्रजी, असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं होतं. 2022च्या जनगणनेत सुमारे 15 लाख लोकांनी ती बोलता येते असं नोंदवलं. आजोबा त्यातले एक.

दर्जानं सगळं साधतं असं नाही. गेलिकला 2005पासून कायदा आहे, शहरांत गेलिक शाळा भरतात, बोलणारेही वाढून 70 हजारांच्या घरात गेलेत. पण जिथे ती घरची भाषा होती त्या पश्चिमेकडच्या बेटांवर ती बोलणारे लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी उरले. घरातून गेलेली भाषा शाळेनं एकटीनं कशी आणावी?

त्या बेटांवरच्या बायकांची गाणी मी एका सभागृहात ऐकली. लोकर विणली की ओलं कापड लांब फळीवर आपटून घट्ट करायचं. एक बाई ओळ सांगते, बाकीच्या ध्रुपद धरतात, कापड सूर्य फिरतो त्या दिशेनं हातोहात फिरत राहतं. ध्रुपदाच्या बऱ्याच शब्दांना अर्थ नसतो, ते हातांच्या ठेक्यासाठी असतात. मला आजीचं जातं ऐकू आलं, खुंट्याला समोरासमोर दोघी, आणि घरघरीवर चढणारी ओवी.

बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी उतरवून ठेवली आणि 1952मध्ये अत्र्यांमुळे छापली गेली, म्हणून राहिली. अशा किती जणींची गेली! अभिजात दर्जाचा मला मनापासून आनंद आहे, पण मराठीच्या लढ्यात लेवा, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारं पोरही आपलंच आहे. त्याच्या वहीवरची ती लाल रेघ आधी थांबवा. त्याला घरचा शब्द लिहू द्या, शेजारी प्रमाण शब्द शिकवा. दोन्ही त्याचेच.

मागच्या रविवारी आईला फोनवर ओवी म्हणायला सांगितलं. “ते गावठी काय रेकॉर्ड करतेस?” म्हणाली. तिसऱ्यांदा विनवल्यावर गायली. तिथे ‘डोया’ आला, तसाच ठेवलाय.