रँक लिस्ट भीतीपोटी भरू नका

अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज केलेल्या आपल्याकडच्या एमबीबीएस पदवीधरांचे फोन मला दर हिवाळ्यात येतात. फेब्रुवारीत रँक लिस्ट, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या प्रोग्रामच्या पसंतीक्रमाची यादी, भरायची वेळ आली की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "सर, मोठ्या विद्यापीठाचे नाव पहिले टाकले आणि त्यांनी घेतले नाही, तर खालच्या जागाही हातच्या जातील का?" नाही, जाणार नाहीत. हे ठामपणे सांगण्यासाठीच ही पोस्ट लिहितो आहे.

मॅचची, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या याद्या जुळवून जागा वाटण्याची, पद्धत 1952 पासून चालत आली आहे आणि 1998 पासून तिची गणना उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते. समजा, तुमची पहिली पसंती शिकागोला आणि दुसरी डेट्रॉइटला आहे. शिकागोच्या जागा त्यांना अधिक पसंत असलेल्या उमेदवारांनी भरल्या, तर तुमचे नाव डेट्रॉइटकडे जाते. तिथल्या जागा तोवर इतरांना दिलेल्या असल्या तरी ते वाटप तात्पुरतेच असते. डेट्रॉइटने त्या इतरांपैकी एखाद्यापेक्षा जरी तुम्हाला वर ठेवले असेल, तर त्या इतरांमध्ये डेट्रॉइटच्या यादीत सर्वांत खाली असलेला उमेदवार बाहेर पडतो आणि जागा तुम्हाला मिळते. तुम्ही त्यांना दुसरे ठेवले होते म्हणून काहीही बिघडत नाही. आपल्याकडच्या प्रवेशफेऱ्यांमुळे 'कुठे मिळेल' याचा अंदाज आधी बांधायची सवय लागलेली असते. इथे ती सवय नुकसानच करते.

हीच भीती सप्टेंबरमध्ये अर्ज भरतानाही दिसते. 2025 च्या हंगामात एका शाखेतील पहिल्या 30 अर्जांना प्रत्येकी 11 डॉलर आणि त्यापुढील प्रत्येक अर्जाला 30 डॉलर शुल्क होते, म्हणजे 150 अर्जांचे 3,930 डॉलर, अर्थात तीन लाख रुपयांहून अधिक. परदेशी नागरिक असलेल्या पदवीधरांपैकी त्या वर्षी सुमारे 58 टक्क्यांनाच जागा मिळाली, त्यामुळे धास्ती मी समजू शकतो. पण जो प्रोग्राम व्हिसाच देत नाही किंवा पदवीला ठरावीक वर्षांहून अधिक काळ झालेल्यांचे अर्ज बाजूला ठेवतो, तिथे अर्ज करून आईवडिलांचे पैसे का घालवायचे? ही माहिती बहुतेक वेळा त्यांच्या संकेतस्थळावर असते; ती वाचण्यात एक आठवडा गेला तरी चालेल.

पायाच्या विकारांचे डॉक्टर, म्हणजे पोडिअॅट्रिस्ट, यांची अर्जव्यवस्था आणि मॅच वेगळी आहे. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीसाठी त्यांचे अर्ज 'कॅस्पर' या केंद्रीय सेवेतून जातात, पण पसंतीक्रम प्रामाणिकपणे लावण्याचा सल्ला त्यांनाही तितकाच लागू आहे.

मात्र जिथे तुम्हाला खरोखरच जायचे नाही, त्या प्रोग्रामचे नाव यादीत शेवटीसुद्धा टाकू नका. मॅचचा निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो आणि मार्चमध्ये नाव लागल्यावर केवळ मन बदलले म्हणून त्यातून सुटका होत नाही.