पन्नास सेंटिमचं इंग्लिश

मागे एका रविवारी मी तोंडी परीक्षेत नापास झाले. परीक्षक सत्तरीतले एक आजोबा, डोक्यावर रग्बीवाल्यांची लाल-काळी टोपी, घडीच्या खुर्चीत बसलेले, पायाशी थर्मास. विषय इंग्लिश. आणि हे सगळं पन्नास सेंटिमच्या, म्हणजे अर्ध्या युरोच्या, एका जुन्या पुस्तकावरून.

मागचं थोडक्यात सांगते. फ्रान्समधल्या तुलूजमध्ये आमचं हे सातवं वर्ष. इथे बुधवारी दुपारी प्राथमिक शाळा नसते, तर वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली की तुला इंग्लिश येतं ना, मग आमच्या पोरांशी तासभर नुसतं बोल, शिकवू नको हं, खेळता खेळता. मी हो म्हटलं. दोनाची तीन पोरं झाली, थोरली, मधला आणि एक चष्मेवाला, जो कुणाचा आहे हे मला महिनाभर माहीतच नव्हतं.

आता "नुसतं बोल" म्हणणं सोपं असतं. पहिल्या बुधवारी वीस मिनिटांत माझं बोलणं संपलं आणि तिघं माझ्याकडे बघत बसली. मग साहित्य शोधायला लागले. स्टेशनजवळच्या मोठ्या मेदियातेकमधून, म्हणजे वाचनालयातून, इंग्रजी बालपुस्तकं आणली तर ती इंग्लंडातल्या पोरांसाठी, म्हणजे चित्रं तीन वर्षांच्या बाळाची आणि वाक्यं अशी यमकातली की मलाच डिक्शनरी लागावी. इथली वर्कबुकं आणली तर त्यात सगळ्या सूचना फ्रेंचमध्ये, पोरं सूचना वाचतात, रंग भरतात, इंग्लिश तसंच राहतं. आईने कराडहून पाठवलेलं पुस्तक काढलं, त्यात आय फॉर इंकपॉट आणि वाय फॉर याक. इंकपॉट चालून गेला कारण इथली पोरं अजून शाळेत शाईच्या पेनाने लिहितात. याक बघून मात्र थोरलीने विचारलं, हा तुमच्या घरी होता का?

तर त्या रविवारी व्हिद-ग्रेनियेला गेले. शब्दशः अर्थ माळा रिकामा करा. गल्लीत टेबलं मांडून लोक आपला माळा विकतात, फुटकी भांडी, एका पायाच्या बाहुल्या, आजीचे मेणबत्तीदान. तिथे मला ते दिसलं. चित्रांची इंग्लिश डिक्शनरी, जाडजूड, एका पानावर अख्खं स्वयंपाकघर, दुसऱ्यावर बंदर, प्रत्येक वस्तूखाली नाव, एकही सूचना नाही. कव्हरवर खडूच्या रेघोट्या, कोपऱ्यात लिहिलेलं पन्नास सेंटिम. मी नाणं पुढे केलं.

"कुणासाठी?" आजोबांनी विचारलं.

म्हटलं, शेजारच्या मुलांना इंग्लिश शिकवते. इथेच चुकलं. तुळशीबागेत घासाघीस शिकलेल्या बाईने भाव करताना खरं कारण कधी सांगू नये.

"तुम्ही? पण तुम्ही तर..." आणि त्यांनी हात पूर्वेकडे कुठेतरी उडवला, अंदाजे इटलीच्या पलीकडे.

"इंडियाची."

"मग तुम्ही हिंदू बोलता."

म्हटलं, हिंदू बोलत नाहीत, हिंदी बोलतात, आणि मी मराठी बोलते. "माराती?" म्हणजे थोडक्यात मारुतीपर्यंत पोचले. मग म्हणाले, मा पोव्र दाम, माझ्या बिचाऱ्या बाई, इंग्लिश ही नाजूक भाषा आहे. म्हणा बघू, द वेदर.

मी म्हटलं. का म्हटलं देवाला ठाऊक. बेचाळीस वर्षांची बाई, हातात भाजीची पिशवी, भर रस्त्यात अनोळखी माणसाला "द वेदर" म्हणून दाखवते.

आजोबांनी डोळे मिटून ऐकलं, वाइन चाखतात तसं. मान हलवली. "नो. झे वेझर." मग म्हणाले, जीभ दातांत धरायची, अशी, आणि धरायला गेले तर वरची कवळीच पुढे सरकली. ती त्यांनी शांतपणे अंगठ्याने जागेवर बसवली आणि पुन्हा म्हणाले, "झे वेझर." आपण १९६८ च्या उन्हाळ्यात तीन आठवडे इंग्लंडात ब्रायटनला होतो, हेही सांगितलं. पुरावा म्हणून एक वाक्य टाकलं, "माय टेलर इज रिच." हे वाक्य इथे ज्याला इंग्लिशचं ओ की ठो येत नाही त्यालाही येतं. १९२९ साली आसिमिलवाल्यांचं घरबसल्या इंग्लिशचं पहिलं पुस्तक निघालं, त्याच्या पहिल्या धड्यातलं पहिलं वाक्य. शंभर वर्षं होत आली, शिंपी अजून श्रीमंतच आहे.

एवढ्यात शेजारच्या टेबलावर मुरांब्याच्या बरण्या निवडणारी एक बाई, जिचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता, वळून म्हणाली, हो ना, मुलं उच्चार लगेच उचलतात, काळजी घ्यायला हवी. काळजी! जणू मी पोरांना गोवर देणार होते.

आजोबांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. हे माझ्या मुलीचं, ते अस्सल इंग्लिशसाठी आहे. मुलगी कुठे असते, विचारलं तर म्हणाले, डब्लिनला. आयरिश लोकांना हे अस्सल इंग्लिश प्रकरण ऐकवायला हवं होतं. पुस्तकाऐवजी त्यांनी मला एक डबा दिला, प्रौढांसाठी इंग्लिश, एक युरो, आत कॅसेट नाही. आणि मी तो घेतला. पैसे देऊन. मेर्सी म्हणून. हे मला अजून पचलेलं नाही.

घरी आल्यावर नवरा हसला, म्हणाला सोड ना. कसं सोडू? मी मराठी मीडियमची. आमच्या वेळी इंग्लिश पाचवीपासून, पहिलीपासून सरकारने २००० साली केलं, तोवर मी कॉलेजच्या उंबरठ्यावर होते. पुण्यात इंजिनिअरिंगला गेले तर कॉन्व्हेंटच्या मुली मी कॉलेजला कालेज म्हणते म्हणून हसायच्या. त्यांच्यासाठी कालेजचं कॉलेज केलं. इथे आले तर ऑफिसात जर्मन, स्पॅनिश, फ्रेंच सगळे आपापलं इंग्लिश बेधडक बोलतात आणि मीटिंगमध्ये कुणाला कळत नाही तो फक्त खरा इंग्रज. पण अॅक्सेंटबद्दल विचारणा होते ती मलाच. कुणाच्या तरी समोर कायम माझी तोंडी चालू, आणि परीक्षकाला माझ्यापेक्षा कमी येतं. असो. चिडचिड होते, दुसरं काय.

गंमत म्हणजे साहित्य शेवटी भारतातूनच मिळालं. बंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ पासून स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ चालवलंय, फुकट, वाचनाच्या चार पायऱ्यांच्या गोष्टी, बऱ्याचशा इंग्लिश, फ्रेंच आणि मराठीतही. पोरं आधी फ्रेंचमध्ये वाचतात, मग इंग्लिशमध्ये, आणि मी मनातल्या मनात मराठीत. "ह" साठी तोंडासमोर टिश्यू धरायचा, तो हलला तर ह आला, कारण फ्रेंचमध्ये ह लिहितात पण बोलत नाहीत. तोवर तिघं भूक लागली की "आय अॅम अँग्री" म्हणायची. आता चष्मेवाल्याला ह सापडलाय तर तो कुठेही लावतो, हॅपल, हॉरेंज.

आकड्यांत तर त्यांची चंगळ झाली. नव्व्याण्णवला त्यांच्यात म्हणायचं चार-वीस-दहा-नऊ, इंग्लिशमध्ये सरळ नाइन्टी नाइन. मधल्याला यात काहीतरी फसवणूक वाटते. मी त्याला एकोणऐंशी समजावलं, ऐंशीला एक कमी, तेव्हा कुठे तो शांत झाला.

मग फुकटचं साहित्य म्हणून स्वयंपाकघर काढलं. भारतीय दुकानातली पाकिटं, बरण्या, सगळी इंग्लिश छापील, फक्त वर फ्रेंच स्टिकर चिकटवलेलं असतं ते नखाने सोलायचं. थोरलीने लोणच्याची बरणी उचलली आणि खणखणीत वाचलं, "नो प्रिझर्व्हेटिव्ह्ज." नेमकी तिची आई दारात. आता फ्रेंचमध्ये प्रेझेर्व्हातीफ म्हणजे कंडोम. मधल्याने तो शब्द कुठून ऐकला होता कोण जाणे, पण ऐकला होता. पुढची पाच मिनिटं मी कैरीचं लोणचं कसं टिकवतात यावर बोलत होते, मीठ आणि तेल, मीठ आणि तेल.

रात्री तिच्या आईचा मेसेज, फार छान चाललंय, पण एखादं चित्रांचं पुस्तक बघ ना.

बघितलं होतं गं बाई. इथे खाजगी माणसाला व्हिद-ग्रेनियेत वर्षातून दोनदाच टेबल मांडता येतं, म्हणजे आजोबांची एक पाळी असेल अजून शिल्लक. चष्मेवाल्याच्या हातात पन्नास सेंटिम देऊन पाठवणारे, मी बरण्यावाल्या बाईच्या आडोशाला उभी राहीन. त्याला फक्त एवढंच पढवायचंय, की कुणासाठी विचारलं तर डब्लिनच्या मावशीसाठी म्हण.