‘दोन दिवस ऑफिस ठप्प’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

मॅडम, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की आम्ही सर्व्हर (ऑफिसच्या फाइली एका जागी ठेवणारं मशीन) बसवून पंधरा दिवस होत नाहीत तोच इमारतीची लाईट जाऊन आली, आणि १८ आणि १९ तारखेला अर्ध्या कॉम्प्युटरवर क्लायंटचे फोल्डर उघडेनात. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने फोनवर ‘सर्व्हर चालू आहे, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा’ असं सांगून विषय संपवला. हे सगळं खरं आहे. जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राची २० तारीख तोंडावर असताना सीएच्या ऑफिसचे दोन दिवस असे जावेत, याचं मला फार वाईट वाटतं. चूक आमचीच होती. मी स्वतः पार्ल्याला येऊन पाहिलं तेव्हा जे सापडलं, ते इथे लिहितो.

सर्व्हरवर उबुंटू ही सिस्टीम आहे. तिच्या नेटप्लॅन फाइलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगमध्ये, आम्ही सर्व्हरचा १९२.१६८.१.५० हा पत्ता पक्का केला होता. डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) बंद, बाकीची सेटिंगही बरोबर. पण राउटरला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तो शेवटचा आकडा २ पासून २५४ पर्यंत असलेले सगळे पत्ते इतर मशीनना वाटायला मोकळा होता. लाईट आली तेव्हा राउटर आधी उठला, आपली जुनी यादी विसरला आणि ५० नंबर तुमच्या नव्या प्रिंटरला देऊन बसला. मग सर्व्हर उठला, तोही ५० वरच. ज्या कॉम्प्युटरला सर्व्हरचं उत्तर मिळालं त्याचं काम चाललं, ज्याला प्रिंटरचं मिळालं त्याचं अडलं.

आमच्या मुलाने तुम्हाला पिंग करायला, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते पाहायला लावलं आणि उत्तर आलं, म्हणून त्याने सर्व्हर चालू आहे असं सांगितलं. ते उत्तर प्रिंटर देत होता! त्याच कॉम्प्युटरवर ‘आर्प -ए’ (कुठल्या पत्त्यावर कुठलं मशीन आहे ते दाखवणारी कमांड) करून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं: तुमचा सर्व्हर हा व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा, कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) आहे, आणि अशा मशीनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, ०८-००-२७ ने सुरू होतो, समोर दिसत होता तो वेगळाच. हे त्याला आम्ही शिकवलं नव्हतं, त्यामुळे राग माझ्यावर काढा, त्याच्यावर नको.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. ‘खरा कॉम्प्युटर द्यायचा सोडून व्हर्च्युअल मशीनचं खूळ’ असं तुम्ही म्हणता. आम्ही वापरलेल्या ब्रिज्ड (थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या) जोडणीत व्हर्च्युअल मशीन नेटवर्कवर स्वतंत्र मशीनसारखंच वागतं. तिथे खरा कॉम्प्युटर असता तरी हेच झालं असतं. आणि पत्ता आपोआप मिळू द्यायचा हा उपायही सर्व्हरला चालत नाही, कारण उद्या तो बदलला तर सगळे कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत बसतील.

आता राउटर फक्त १०० ते १९९ वाटतो. सर्व्हर ५० वरच आहे, म्हणून तुमच्या कॉम्प्युटरवर काही बदलावं लागलं नाही. तिन्ही मशीन तुमच्यासमोर बंद करून, मुद्दाम राउटर आधी आणि सर्व्हर शेवटी चालू करून पाहिलं. त्या भेटीचे पैसे घेतलेले नाहीत, आणि बसवणीची मजुरी याच आठवड्यात परत करतोय. पत्त्यांचा कागद राउटरच्या मागे चिकटवलाय. नवा प्रिंटर किंवा कॅमेरा आला की त्याचा नंबर त्यावर लिहायला सांगा.