कालवा कुणाच्या नावावर?

मामेभावाचा निरोप आला तेव्हा मी कालव्याकाठीच चालत होतो. "तुमच्या अमेरिकेत कालवे तिथल्याच लोकांच्या नावावर करून देतात म्हणे. आमच्याही चाऱ्या देऊन टाका म्हणावं, पाटकऱ्याच्या मागं हिंडणं तरी थांबेल." त्याची जमीन निफाड तालुक्यात, चारीच्या (कालव्याच्या पोटफाट्याच्या) टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, त्याच्याकडं पोचलंच तर रात्री दोनला पोचतं, आणि वरच्या कुणी दार उचललं की तेही नाही.

त्यानं ऐकलंय ते खरं आहे, पण अर्धं. मी ज्याच्या काठी फिरतो तो कॅलिफोर्नियातला कॉन्ट्रा कोस्टा कालवा 48 मैलांचा, काम 1937 मध्ये सुरू झालेलं. तेव्हा शेती आणि कारखान्यांसाठी होता, आता बागांच्या जागी घरं आहेत आणि पाणी नळाला जातं. कालवा बांधला केंद्र सरकारनं. 1972 पासून तो चालवतो स्थानिक पाणी जिल्हा, म्हणजे पाणी पुरवणारी इथली सार्वजनिक संस्था. काठची फिरायची वाट तिसऱ्याच, उद्यानांच्या संस्थेकडं. (तीन खाती आणि एक पाट, घरच्यासारखंच वाटतं.) पूर्वी केंद्राच्या कालव्याच्या मालकीचं प्रत्येक हस्तांतर अमेरिकी संसदेत वेगळा कायदा करूनच होई. 2019 च्या कायद्यानं सोप्या प्रकरणांचा अधिकार गृह खात्याला दिला, गृह खातं म्हणजे इथं जमीन-पाणी बघणारं खातं. माझ्या कालव्यासाठी तर त्याच कायद्यात वेगळी तरतूद आहे.

पण यात 'देऊन टाकणं' कुठंच नाही. बांधकामाचं कर्ज उरलं असेल, सरकारला त्यातून काही उत्पन्न येत असेल, तर त्याची आजची किंमत घेणाऱ्यानं मोजायची. आणि घेणारा बहुधा तोच कालवा कित्येक वर्षं चालवत आलेला असतो. त्याच्याकडं पगारी माणसं, यंत्रं, पाणीपट्टीची वसुली असं सगळं असतं.

मला खटकतो तो शब्द 'स्थानिक'. याच कॅलिफोर्नियात तुलारे तलावाच्या खोऱ्यात एक पाणी जिल्हा आहे, तिथं मत माणसाला नव्हतं, जमिनीच्या किमतीला होतं. जवळपास 85 टक्के जमीन चार कंपन्यांकडं. 1969 च्या पुरात पाणी कुठं वळवायचं, कुठं नाही, हे ठरलं ते त्यातल्या एकाच कंपनीच्या मताधिक्यानं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1973 मध्ये न्यायालयानं ही पद्धत वैध ठरवली. भाडेपट्ट्यानं कसणाऱ्याला आणि तिथं नुसतं राहणाऱ्याला मतच नाही. सरकार गेलं आणि 'आपलीच माणसं' आली, म्हणून टेलचा माणूस सुटला असं काही नाही.

या बाबतीत आपला महाराष्ट्राचा 2005 चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा मला जास्त शहाणा वाटतो. मालकी शासनाची, पण शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेकडं पाणी मोजून. संचालक मंडळात मुख, मध्य आणि टेल, तिघांच्या जागा. आणि ताब्यात देण्याआधी संयुक्त पाहणी व दुरुस्ती. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर टेलच्या तीन संस्था ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उभ्या केल्या, तेव्हा तर हा कायदाही नव्हता. कालव्याचा सातबारा त्यांच्या नावावर नव्हता, पाणी मात्र घनमापानं ठरलेलं होतं. ते नाल्यात सोडून विहिरी भरून घ्यायची अक्कल त्यांनी स्वतःची लावली.

घोडं अडतं ते दुरुस्तीपाशी. फुटकी चारी, गंजलेलं दार, मोजपट्टी नसलेलं मोजमाप, आणि हे घ्या, आता तुमचं तुम्ही बघा! अशी मालकी मला फुकट दिली तरी नको. चारीच्या तोंडाशी मोजमाप बसवा, एक आवर्तन टेलपर्यंत पोचवून दाखवा, मग कागद कुणाच्याही नावे करा.

मामेभावाला हे सगळं लिहिलं आणि विचारलं, तुमच्या संस्थेत टेलचा संचालक कोण? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "चुलते. बिनविरोध. त्यांच्या विहिरीला बारमाही पाणी आहे, ते बैठकीला जातच नाहीत."