शॉकलीचं नाव समीकरणात राहू द्या, उद्यानावर नको

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ विल्यम शॉकली १२ ऑगस्ट १९८९ला गेला, पण त्याच्या नावावरून होणारी भांडणं काही संपत नाहीत. एक बाजू म्हणते, ‘ट्रान्झिस्टरचा जनक आहे तो!’ दुसरी म्हणते, ‘वंशवादी होता, नाव पुसा.’ पहिलं विधान धड खरं नाही. दुसऱ्यातला वंशवादी हा शब्द खरा आहे, पण नाव नेमकं कुठून पुसायचं हे कुणी सांगत नाही. आणि सगळं अडतंय ते तिथेच.

आधी त्या ‘जनका’चं पाहू. डिसेंबर १९४७मध्ये बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधनसंस्थेत पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा संकेत मोठा करणारा किंवा चालू-बंद करणारा भाग, चालवला तो जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी. प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्याच्या कडेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, तो टोकाशी ब्लेडने चिरला आणि जेमतेम ५० मायक्रॉन अंतरावरची ती दोन टोकं स्प्रिंगने जर्मेनियम या अर्धवाहकावर दाबली. हाच पॉइंट कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टर. शॉकली गटाचा प्रमुख होता, पण ही जुळणी त्याची नव्हती आणि तिच्या पेटंटवर त्याचं नावही नाही. त्याला पेटंट आपल्या फील्ड इफेक्टच्या (बाहेरून लावलेल्या विद्युतक्षेत्राने प्रवाह कमीजास्त करण्याच्या) कल्पनेवर हवं होतं. पण ज्युलियस लिलियनफेल्डला तशाच कल्पनेचं पेटंट १९३०मध्येच मिळून गेलेलं होतं. त्यामुळे बेलच्या वकिलांनी शॉकलीला बाजूला ठेवूनच अर्ज केला.

१९४८चा तो प्रसिद्ध फोटो आठवा. शॉकली सूक्ष्मदर्शकासमोर बसलाय आणि बाकीचे दोघे मागे उभे आहेत. ब्रॅटनला हा फोटो कधीच आवडला नाही. का आवडावा? टेबलावरचं उपकरण त्यांचं होतं.

मात्र इथेच थांबलो तर शॉकलीवर अन्याय होईल. ते पहिलं उपकरण कारखान्यात काढण्याच्या लायकीचं नव्हतं. दाबून धरलेली टोकं धक्क्याने सरकायची, ओल लागली की गुणधर्म बदलायचे, नॉइज (नकोशी खरखर) भरपूर, आणि एका नगासारखा दुसरा नग निघेल याची खात्री नाही. श्रेय हुकल्याने धुमसत असलेल्या शॉकलीने जानेवारी १९४८मध्ये वेगळीच रचना कागदावर मांडली: एकाच स्फटिकात एमिटर, बेस आणि कलेक्टर असे तीन थर, मधला बेस अगदी पातळ. थरांच्या सांध्यांवरून हा जंक्शन ट्रान्झिस्टर. एमिटरकडून बेसमध्ये शिरलेले अल्पसंख्य वाहक (त्या थरात संख्येने कमी असलेले विद्युतभार) स्फटिकाच्या आतून, नाहीसे होण्याआधी, कलेक्टरपर्यंत पोहोचतात हे त्याचं मर्म. बेस जाड ठेवला तर ते वाटेतच संपतात आणि प्रवर्धन, म्हणजे संकेत मोठा होणं, बसतं. वाहक पृष्ठभागावरूनच नव्हे तर आतूनही जातात याचा पुरावा फेब्रुवारीत जॉन शाइव्हने दिला. त्याने जर्मेनियमच्या पातळ चकतीच्या दोन विरुद्ध बाजूंना टोकं लावली आणि ट्रान्झिस्टर तरीही चालला. जंक्शन ट्रान्झिस्टर प्रत्यक्षात उतरला तो गॉर्डन टील आणि मॉर्गन स्पार्क्स यांच्या स्फटिक वाढवण्याच्या कौशल्यामुळे. तो १९५१मध्ये जाहीर झाला. पण विचार शॉकलीचा, पेटंट शॉकलीचं, आणि तसंच असायला हवं. १९५६चं नोबेल तिघांत वाटलं गेलं, हाही हिशेब बरोबर आहे.

दुसरं श्रेय सिलिकॉन व्हॅलीचं. ते मला जास्तच फुगवलेलं वाटतं. १९५६मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये त्याने प्रयोगशाळा काढली, पैसा उद्योजक अर्नोल्ड बेकमनचा. बेलमधले जुने सहकारी यायला तयार नव्हते, म्हणून त्याने तरुण पोरं हेरली. माणसं निवडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, सांभाळण्यात मात्र शून्य. ऑफिसातल्या एका बाईच्या हाताला टोचलं तर त्याला त्यात घातपात दिसला आणि लोकांना लाय डिटेक्टरवर बसवायची भाषा सुरू झाली. टोचली होती डोकं तुटलेली साधी टाचणी.

पण नुसत्या स्वभावाने कंपनी बुडत नाही. खरी चूक तांत्रिक होती. बाजाराला हवा होता सिलिकॉनचा डिफ्यूज्ड ट्रान्झिस्टर (उष्णतेने अशुद्धी आत मुरवून थर बनवलेला) आणि शॉकलीने सगळा जोर लावला चार थरांच्या डायोडवर, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला आपोआप चालू होणाऱ्या स्विचवर. त्यासाठी पातळ चकती दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत करायची, दोन्ही बाजूंनी डिफ्यूजन करायचं आणि प्रत्येक नग ठरावीक व्होल्टेजलाच चालू व्हायला हवा. थर थोडासा जरी कमीजास्त झाला तरी ते व्होल्टेज सरकणार. शेकडो नग एकसारखे निघणं त्या काळात जवळपास अशक्य होतं. सप्टेंबर १९५७मध्ये आठ जण बाहेर पडले. त्यात रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जाँ होर्नी होते. त्यांनी फेअरचाइल्ड ही कंपनी उभी केली, होर्नीने १९५९मध्ये प्लेनर प्रक्रिया (चकतीच्या सपाट पृष्ठभागावरच भाग घडवण्याची पद्धत) दिली आणि पुढचा उद्योग त्यावर चालला. शॉकलीची कंपनी कधीच नफ्यात आली नाही. म्हणजे व्हॅलीला त्याचं योगदान काय, तर योग्य माणसं एका छपराखाली आणली आणि मग त्यांना तिथे राहणं अशक्य करून सोडलं.

आता त्याचा वंशवाद. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून मरेपर्यंत तो सांगत राहिला की कृष्णवर्णीयांची बुद्धिमत्ता अनुवंशानेच कमी असते. कमी बुद्ध्यंकाच्या माणसांनी नसबंदी करून घेतली तर १००च्या खालच्या प्रत्येक अंकामागे १००० डॉलर द्यावेत, अशी योजनाही त्याने मांडली. नाझींशी तुलना केली म्हणून अटलांटातल्या एका वृत्तपत्रावर त्याने साडेबारा लाख डॉलरचा दावा लावला. १९८४मध्ये ज्यूरीने त्याला भरपाई दिली एक डॉलर.

‘तो काळच तसा होता’ ही सबब इथे लागू नाही. त्याच काळातले अनुवंशशास्त्रज्ञ त्याला चूक दाखवत होते, आणि ती चूक त्याला कळायलाच हवी होती, कारण ती त्याच्याच धंद्यातली होती. समजा साध्या डायोडच्या (एकाच दिशेने वीज वाहू देणाऱ्या भागाच्या) दोन बॅच आहेत. एक २५ अंशांना मोजली, दुसरी ५५ अंशांना. उलट दिशेचा गळती प्रवाह दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणजे दुसरी बॅच जवळपास आठपट गळकी दिसणार. प्रत्येक बॅचच्या आत नगानगातला फरक पूर्णपणे डोपिंगमुळे, म्हणजे मालात मिसळलेल्या अशुद्धींमुळे, असेल, पण दोन बॅचमधला फरक निव्वळ तापमानाचा असू शकतो. आतला फरक मालाचा आहे म्हणून बाहेरचाही मालाचाच, असा अहवाल एखाद्या शिकाऊ इंजिनिअरने आणला असता तर शॉकलीने तो त्याच्या तोंडावर फेकला असता. माणसांच्या बाबतीत मात्र अनुवंशाला ‘माल’ धरून शाळा, उत्पन्न, आहार, पिढ्यान्‌पिढ्यांचा भेदभाव हे सगळं ‘तापमान’ त्याने बाजूला सारलं, आणि वीसेक वर्षं सारत राहिला. याला भाबडेपणा म्हणता येत नाही.

मग नाव कुठून काढायचं? डायोडच्या समीकरणातून नाही. खोलीच्या तापमानाला आदर्श डायोडमध्ये दर ६० मिलिव्होल्टला प्रवाह दसपट होतो, हे सांगणाऱ्या समीकरणाला शॉकलीचंच नाव आहे. एकाच जंक्शनच्या सौरघटाच्या कार्यक्षमतेची सुमारे ३३ टक्क्यांची मर्यादा शॉकली आणि क्वायसर यांच्या १९६१च्या कामातून आली. नाव बदललं तर विद्यार्थ्याला मूळ शोधनिबंध सापडायचा नाही, एवढाच फरक पडेल. कुणी काय केलं याची ती नोंद आहे. ती खोडण्याचा अधिकार शॉकलीच्या चाहत्यांना नाही, तसा विरोधकांनाही नाही.

उद्यान, इमारत, पुरस्कार, मानद पदवी यांचं तसं नसतं. तो मान असतो आणि तो न देण्याची मुभा प्रत्येक संस्थेला असते. लीड्स विद्यापीठाने १९७३मध्ये ठरलेली मानद पदवी मागे घेतली, त्याने भौतिकशास्त्राचं काडीचंही नुकसान झालं नाही.

खरी अडचण कॅलिफोर्नियातल्या ऑबर्नची. शॉकलीच्या पत्नीने २८ एकर जमीन आणि ५०,००० डॉलर उद्यानासाठी ठेवले, अट अशी: शॉकलीचा उल्लेख ‘नोबेल विजेता’ असा करून दोघा नवरा-बायकोचं नाव द्यायचं. तिथल्या उद्यान मंडळाने २००९मध्ये देणगी घेतली आणि विरोध पेटला. ‘फुकट जमीन मिळतेय, नावाने काय बिघडतं’ हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. देणगीला नावाची अट असेल तर नाव ही त्या जमिनीची किंमत आहे, आणि ती मोजतात तिथे खेळायला येणारी कृष्णवर्णीय पोरं. अशी जमीन नाकारावी, किंवा घेण्याआधी वारसदारांशी बोलून अट सैल करून घ्यावी. करारावर सही झाल्यावर उरतो तो फक्त वकिलांचा खर्च.

जिथे नोंदच करायची आहे तिथे ती नीट करता येते. ३९१ सॅन अँटोनियो रोडवर, त्याच्या प्रयोगशाळेच्या जागी, फलक आहे. सिलिकॉनची साधनं इथे बनली आणि इथून बाहेर पडलेल्यांनी पुढे कंपन्या काढल्या, हे त्यावर आहे. बाहेर पडलेल्यांचा उल्लेख आहे म्हणून तो मला मान्य आहे. शाळेच्या पुस्तकांत तीन नावांपैकी एकच छापणाऱ्यांनी निदान एवढं करावं: पॉइंट कॉन्टॅक्टच्या चित्राखाली बार्डीन आणि ब्रॅटन, जंक्शनच्या चित्राखाली शॉकली.