साडेदहापर्यंतचं भाडं

मेहुण्याचा फोन आला. "दाजी, सव्वीसचा फुटबॉल वर्ल्डकप कुठं बघायचा?"

त्यानं मलाच विचारावं यात नवल नाही. विहीर किती खोल आहे हे आत पडलेल्यालाच विचारतात. २०२२ ची फायनल मी नाशिकमध्ये चार ठिकाणी पाहिली आहे. चार वेळा नव्हे, चार ठिकाणी. फायनल एकच होती.

सव्वीसची तर आणखीच तऱ्हा. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको असे तीन देश मिळून यजमान, ४८ संघ, १०४ सामने आणि फायनल आपल्या घड्याळाप्रमाणे २० जुलैला रात्री साडेबाराला. म्हणजे रविवार संपून सोमवार लागलेला, बाहेर पाऊस, सगळी हॉटेलं बंद आणि सकाळी सातला अंबडच्या कंपनीची बस. त्या मानानं कतारवाले दयाळू. त्यांची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल रविवारी, १८ डिसेंबरला, रात्री साडेआठला होती. अगदी जेवणाच्या वेळेला. एवढी सोय असूनही माझे हाल झाले ते झालेच.

क्रिकेट असतं तर हा प्रश्नच आला नसता. क्रिकेट बघायला जागा शोधावी लागत नाही, ते चुकवायला शोधावी लागते. सलून, पानटपरी, दाताच्या डॉक्टरची वेटिंग रूम, कुठंही मान वळवा, स्कोअर दिसतो. रविवार कारंजावर अनोळखी माणसाला "किती झाले?" विचारलं तर तो विकेटसकट सांगतो आणि वर कुणाला खेळवायला नको होतं तेही सांगतो. फुटबॉलचा स्कोअर विचारा. तो आधी तुमच्याकडे बघतो आणि मग जरा मागं सरकतो.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर अण्णा राहतात. नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले. स्पर्धेच्या पहिल्या दिवसापासून जिन्यात भेटले की एकच प्रश्न, "यात आपली टीम कुठली?" आपली टीम यात नसते, म्हटलं. "कधीच नव्हती?" म्हटलं, १९५० साली ब्राझीलला जायची संधी आली होती, पण आपण गेलो नाही. "का?" आता जिन्यात उभं राहून, हातात दुधाची पिशवी घेऊन, भारतीय फुटबॉलचा इतिहास कसा सांगणार? मी म्हटलं, "लांब होतं." अण्णांना ते पटलं. "बोटीनं जायला लागलं असतं," म्हणाले.

फायनलच्या आधी एक प्रयोग मी करून बसलो होतो, तोही सांगितला पाहिजे. ९ डिसेंबरला, शुक्रवारी, ब्राझील आणि क्रोएशियाची क्वार्टर फायनल होती. मित्र म्हणाला, गंगापूर रोडला एका ठिकाणी सहा स्क्रीन आहेत. सहाच्या सहा होते, खोटं कशाला बोला. दोनवर जुनं क्रिकेट, एकावर कबड्डी, एकावर त्या हॉटेलचाच मेनू फिरत होता, एक बंद आणि एकावर फुटबॉल. त्याच्यासमोर खांब. कॉमेंट्रीचा आवाज बंद ठेवून डीजे चालू, त्यामुळे ब्राझीलचे खेळाडू पंजाबी गाण्यावर कॉर्नर घेत होते. माणशी अमुक इतकं बिल झालंच पाहिजे अशी अट होती, म्हणून तिसऱ्यांदा पनीर मागवलं. नेमारनं जादा वेळेत गोल केला तेव्हा आम्ही खांबाच्या दोन्ही बाजूंनी एकेक डोळा लावून होतो. सामना संपायला तीन मिनिटं असताना क्रोएशियानं बरोबरी केली, पेनल्टी शूटआउट ठरलं, आणि नेमका तेव्हाच वेटर कार्डाचं मशीन घेऊन स्क्रीनसमोर येऊन उभा राहिला. "सर, लास्ट ऑर्डर झाली." मशीनला रेंज नव्हती. तो ते हवेत उंच धरून इकडून तिकडे फिरला आणि ब्राझील त्याच्या पाठीमागं बाहेर गेलं. ४-२. पावती निघाली तेव्हा क्रोएशियाचे लोक एकमेकांच्या अंगावर पडून झालेले होते.

तेव्हाच ठरवलं, फायनल घरी. टीव्हीला मोबाईल जोडायचा, पांघरूण घ्यायचं, शेंगदाणे घ्यायचे. डिसेंबरातल्या नाशिकची थंडी अशी की पेपरात निफाडचा पारा वाचूनच माणूस स्वेटर शोधतो. बायकोला आठ दिवस आधी सांगून ठेवलं. ती म्हणाली, "अहो, त्या दिवशी मावशीच्या मुलाचं रिसेप्शन आहे."

नाशिकला लॉन्स किती आहेत हे विचारू नये. औरंगाबाद रोडला लागलं की दोन्ही बाजूंना लॉन्सच लॉन्स. पत्रिकेत वेळ सात होती. नवरा-नवरी पावणेनऊला स्टेजवर आली, कारण ड्रोनवाल्याला उजेड पसंत पडत नव्हता. आम्ही आहेराच्या रांगेत होतो. मागं भिंतीएवढा एलईडी पडदा, चकचकीत, स्वच्छ, कुठंही खांब नसलेला. असा पडदा मी जन्मात पाहिला नव्हता. त्याच्यावर नवरा-नवरी द्राक्षाच्या बागेत एकमेकांमागं पळत होती. तेच तेच पुन्हा पुन्हा.

मी खिशातला मोबाईल काढला. ॲप उघडलं. मध्यभागी एक वर्तुळ फिरायला लागलं. गोल, गोल, गोल. त्या दिवशी मला वेळेवर दिसलेले गोल तेवढेच. ते थांबलं तेव्हा मेस्सी पेनल्टी मारायला उभा होता. त्यानं पाऊल टाकलं आणि फोटोग्राफर ओरडला, "काका, मोबाईल खाली! इकडं बघा!" मी इकडं बघितलं. पुन्हा मोबाईलकडं बघितलं तर १-०. त्या अल्बममध्ये सगळे हसतायत आणि मी कुणीतरी गेल्यासारखा खाली बघतोय.

जेवणाकडं गेलो तर तंदूरपाशी आवाज. रोटी लावणाऱ्या पोरानं मोबाईल लोण्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पोरगा बंगालमधल्या मालद्याकडचा. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "साब, डी मारिया आज लेफ्ट में है. उधर ही देखो." मी उधर बघितलं. आणि खरंच सांगतो, नाशिकमध्ये फुटबॉल बघायला याहून उत्तम जागा मला आजवर सापडलेली नाही. पाठीला थंडी, पुढं भट्टीची ऊब, कॉमेंट्री थेट जाणकाराकडून, आणि दर दोन मिनिटांनी गरम रोटी. अट एकच, रांगेत राहायचं. मी चार वेळा रोटी घेतली. चौथ्या रोटीला अर्जेंटिनानं आपल्या भागातून चेंडू काढला, मेस्सीनं तो नुसता स्पर्श करून पुढं सोडला, मॅक ॲलिस्टर उजवीकडून धावला आणि डावीकडून आलेल्या डी मारियानं तो जाळीत टाकला. पोरानं हातातली रोटी वर उडवली. ती परत भट्टीत पडली. अख्ख्या सामन्यातला हा एकच गोल मी पाहिजे तसा पाहिला, ताटात भाजी नसताना.

"चार रोट्या? डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मागून आवाज आला. आम्ही निघालो.

द्वारकेच्या चौकातल्या ट्रॅफिकबद्दल मी काही लिहिणार नाही. नाशिककरांना माहीत आहे आणि बाकीच्यांचा विश्वास बसणार नाही.

इंदिरानगरला पोचलो तर कॉलनीच्या मैदानात ही गर्दी. महापालिकेची मुदत मार्चमध्येच संपली होती, निवडणुकीचा पत्ता नव्हता, त्यामुळे चौकाचौकात इच्छुक उभे होते आणि त्यांना जनतेसाठी काहीतरी करणं भाग होतं. आमच्या इच्छुकांनी मोठा पडदा लावला होता. वर फ्लेक्स: 'भव्य दिव्य फुटबॉल महाअंतिम सामना, थेट प्रक्षेपण'. त्यावर इच्छुकांचा फोटो पाच फुटी, शुभेच्छुकांचे बशीएवढे, आणि कोपऱ्यात रोनाल्डो. रोनाल्डोचा पोर्तुगाल आठ दिवसांपूर्वी मोरोक्कोकडून हरून घरी गेला होता. पण फ्लेक्सवर एकदा आलेला माणूस कशानंही जात नाही.

बायकोला घरी सोडून मी पळत मैदानात. मध्यांतर चालू होतं, आणि मध्यांतरात सत्कार. परिसरातल्या गुणवंत खेळाडूंना शाल आणि श्रीफळ. गुणवंतांत दोन कॅरमचे, एक बुद्धिबळाचा आणि एक योगासनांच्या बाई. दुसरा हाफ सुरू झाला तरी सत्कार संपेना. माईक इच्छुकांकडं होता. "फुटबॉल हा जसा पायानं खेळायचा खेळ आहे, तसंच राजकारणातही पाय जमिनीवर..." त्यांच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली होती आणि फ्रान्सचा एम्बापे त्यांच्या डाव्या कानातून शिरून उजव्या कानातून बाहेर पडत होता. मागं एका पोरानं शिट्टी मारली. त्यांना ती दाद वाटली.

दहा वाजले. पोलिसांची गाडी आली, लाऊडस्पीकर बंद झाला, आणि त्यानंतरची वीस मिनिटं मी फुटबॉलची मॅच पाहिली.

मग फोन. "अहो, टाकी वाहतेय. मोटर कोण बंद करणार?"

सोसायटीचा सेक्रेटरी मीच. वार्षिक सभेला मी एकटाच गैरहजर होतो, म्हणून एकमतानं निवडून आलो. घड्याळ बघितलं. दहाच मिनिटं उरलेली, अर्जेंटिना २-० पुढं, फ्रान्स काही करत नव्हतं. म्हटलं पटकन जाऊन येऊ. पळालो. मोटरचं बटण दाबलं. पळत परत आलो. मैदानात पोरं डोक्याला हात लावून उभी होती. पडद्यावर २-२.

एम्बापेनं त्या दोन गोलांमध्ये जेमतेम दीड मिनिट जाऊ दिलं. सगळ्या जगानं तो दीड मिनिट पाहिला. मी तो पार्किंगमध्ये, तीन अश्वशक्तीच्या पंपाशेजारी घालवला.

तरी म्हटलं, हरकत नाही. जादा वेळ आहे, अर्ध्या तासाचा खेळ बाकी आहे. नव्वद मिनिटांची शिट्टी झाली आणि पडदावाल्या पोरानं प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली.

"अरे! काय करतोस?"

"साडेदहापर्यंतचं भाडं ठरलंय काका. उलट सहा मिनिटं जास्त थांबलो."

"पण मॅच बरोबरीत आहे!"

"ते सायबांना विचारा."

साहेब सत्कार झाल्या झाल्या दुसऱ्या मैदानात दुसऱ्या पडद्याकडं गेले होते. काही पोरांनी वर्गणी काढायला घेतली. दोनशे चाळीस जमले तोवर पडदा टेम्पोत चढला होता.

घरी ॲप लावलं. वर्तुळ. बाहेर कुठूनतरी "ओऽऽ" ऐकू यायचं आणि माझा मोबाईल अजून मध्यरेषेवरच रेंगाळत असायचा. आपल्याला काय बघायचंय हे शेजाऱ्यांना अर्धा मिनिट आधी कळावं, हा अपमान मला सोसेना. आणि मग लक्षात आलं, आवाज वरून येतोय. तिसऱ्या मजल्यावरून.

अण्णा जागे होते. डिशवर चॅनल लावून, कानटोपी घालून, पुढं सरकून बसले होते. "या सेक्रेटरी. तुमच्या टाकीनं झोपमोड केली, म्हटलं बघू काय असतं ते." काकूंनी आल्याचा चहा आणला. "कोण जिंकतंय?" म्हटलं, अजून कुणीच नाही. "दोन तास झाले ना? मग इतका वेळ करतायत काय?"

जादा वेळाच्या दुसऱ्या सत्रात मेस्सीनं चेंडू ढकलला आणि फ्रान्सच्या खेळाडूनं तो मागून लाथाडून बाहेर काढला. मी "गेला!" म्हणून कपाळावर हात मारला. अण्णा शांतपणे म्हणाले, "आत होता. रेषेच्या पूर्ण आत." पंचांचंही तेच म्हणणं पडलं. ३-२. अण्णांनी सगळा जन्म नोटांच्या रेषा तपासण्यात घालवला होता, त्यांना कतारमधल्या पंचांची गरज नव्हती. दहा मिनिटांनी एम्बापेनं पेनल्टीवर तिसरा गोल केला, ३-३, तेव्हा मात्र ते चिडले. "एकटाच सगळं करतोय. बाकीच्यांना पगार कशाचा देतात?" १९६६ नंतर पुरुषांच्या फायनलमध्ये एकट्यानं तीन गोल करणारा तोच, हे मी सांगितलं. "मग तर ओव्हरटाइम दिला पाहिजे," म्हणाले.

अगदी शेवटच्या क्षणी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलकीपरसमोर आला आणि मार्टिनेझनं डावा पाय पसरून तो चेंडू अडवला. अण्णांनी माझा गुडघा धरला. तो त्यांनी शूटआउट संपेपर्यंत सोडला नाही. अर्जेंटिनाच्या माँटिएलनं शेवटची पेनल्टी मारली, ४-२ झालं, आणि ते म्हणाले, "झालं? आपण जिंकलो?" आपण म्हणजे कोण हे मी विचारलं नाही. मी हो म्हटलं.

मग कप आला. अण्णांनी चष्मा पुसला. "खरं सोनं का मुलामा?"

म्हटलं, अठरा कॅरेटचं आहे, सहा किलोच्या वर वजन. पण खरा कप फिफा स्वतःकडं ठेवते, जिंकणाऱ्याला घरी न्यायला सोन्याचा मुलामा दिलेली प्रतिकृती देतात.

"म्हणजे स्पेसिमेन नोट," अण्णा समाधानानं म्हणाले. फुटबॉलमधली ही पहिली गोष्ट त्यांना मनापासून पटली होती.

पडद्यावर मेस्सी पुढं आला. कतारचे अमीर पुढं झाले आणि त्यांनी त्याच्या अंगावर सोनेरी काठाचा काळा, तलम झगा चढवला. मी श्वास रोखून बसलो. आता फक्त कप उचलायचा राहिला होता. संध्याकाळपासून मी ज्याच्यासाठी रोट्या खाल्ल्या, सत्कार सोसला, मोटर बंद केली, ते आता समोर होतं.

"शाल झाली," अण्णा म्हणाले. "आता नारळ देतील आणि भाषणं सुरू होतील."

आणि त्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.