बंद गाडी म्हणजे निम्मी किंमत? मामा, इसार थांबवा

अमळनेरच्या मामांचा काल रात्री साडेदहाला मेसेज आला आणि पाठोपाठ फोन. तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल: "बंद पडलेली क्लासिक स्पोर्ट्स कार चालू गाडीच्या निम्म्या किमतीत घ्या. बॅटरी टाका, कार्ब्युरेटर साफ करा, चालू होते. इंजिन गेलंच तर मारुतीचं बसवा. ५० वर्षं झाली की आरटीओची कटकट नाही. भाव तर वाढतच जातो." मामांनी इंदूरकडच्या एका शेडमधली ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, हेरली आहे. कापसाचे पैसे हातात आहेत, परवा इसार देणार म्हणे. "बॅटरी टाकी देऊत ना भो, व्हई जाई चालू!"

निम्मी किंमत हा आकडा काढला कुठून? समजा, तशीच धडधाकट चालू गाडी १० लाखांना मिळते. तुम्ही ५ दिले आणि इंजिन, ब्रेक, वायरिंग, रबरं, पत्रा मिळून ७ लाख लागले, तर १० लाखांची गाडी १२ लाखांना पडली. वर गॅरेजच्या चकरा. हिशोब उलटा मांडा, मामा. चालू गाडीच्या भावातून दुरुस्ती वजा करा, आणायचं भाडं वजा करा, उघडल्यावरच दिसणाऱ्या भानगडींसाठी आणखी काही कापा. उरेल ते द्या. या उदाहरणात दोन लाख उरले तरी पुष्कळ. तुमचा कापूस व्यापारी मुठीत दाबून ओल बघतो आणि भाव पाडतो, तेव्हा तुम्ही किती चिडता! आणि इथे अख्खी गाडी फोटोवर घेणार?

बॅटरीचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा चिकटतात, सिलिंडरला गंज चढतो, बेअरिंगवर तेल उरत नाही. त्यावर स्टार्टर मारला की दुरुस्त होणारं इंजिनही ओरबाडून निघतं. आधी स्पार्क प्लग काढा, भोकांतून थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा. मग टॉप गिअर टाकून गाडी हळूच ढकला. इंजिन फिरलं तर बोलणी पुढे. जाम असेल तर इंजिनाचे पैसे शून्य धरा.

स्पिटफायरची आणखी एक खोड आहे, आणि ती बंद गाडीतही पकडता येते. एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने क्रँक पुली, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाचं पट्ट्याचं चाक, बघायची. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकली तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत किंवा खाली ऑइल संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, पडलेत. मग ब्लॉकच खराब झालेला असू शकतो.

दाराखालचे सिल, म्हणजे उंबऱ्यासारखे पत्र्याचे पट्टे, टोचून बघा. हिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मधल्या कण्यासारखी आहे, बाजूचा भार हे सिल पेलतात. दारं घासून लागत असतील तर रंग कितीही चकचकीत असो, पैसे कापा.

एक गोष्ट कबूल करतो, नाइलाजाने. स्पिटफायर ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीची चासी आखूड करून बनली, आणि हेराल्ड मद्रासला बनायची. त्यामुळे सस्पेन्शनचे काही पार्ट जुळतात. पण त्यावरून "पार्ट कुठेही मिळतात" म्हणणं म्हणजे जळगावात सोनं मिळतं म्हणून फुकट मिळतं म्हणण्यासारखं.

आता आरटीओ. केंद्राचा २०२१ चा व्हिंटेज नियम वाचा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच त्यात बसते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रोज अमळनेर-चोपडा करता येत नाही. आणि मारुतीचं इंजिन बसवलं की मूळ रूप गेलं! एकाच मेसेजमधले दोन सल्ले एकमेकांच्या मुळावर उठलेत, पण पुढे पाठवणाऱ्याला त्याचं काय?

आरसी कोणाच्या नावावर आहे, मालक वारला असेल तर वारसांच्या सह्या आहेत का, चासीवरचा नंबर कागदाशी जुळतो का, हे इसाराआधी बघा. कागद नसतील तर ती गाडी नाही, सुटे भाग आहेत, भावही तोच.

भाव वाढतच जातो, त्याबद्दल काय बोलायचं! शेडमध्ये गंजणाऱ्या गाडीत वाढतो तो फक्त गंज.

मामांना सांगितलंय, रविवारी मीच येतो. प्लगचा पाना आणि ऑइलचा डबा माझा. इसाराची रक्कम घरीच ठेवा.